पहिली बासरी घेताना

चि. लेकी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. एक 'बिगिनर', साडेतीनशे रुपयांची, कव्हर फुकट. दुसरी 'प्रोफेशनल', ई बेस म्हणजे खालच्या सुरांची लांब बासरी, सहा हजारांच्या घरात. बाबा म्हणतात, आधी स्वस्तातली घे, टिकलीस तर पुढचं बघू. तू म्हणतेस, पहिला पगार आहे, घ्यायची तर चांगलीच घेते. मला विचारशील तर यातली एकही घेऊ नकोस.

बाबांचं आधी घेऊ. पैशांच्या बाजूने त्यांचं बरोबर आहे, सुरांच्या बाजूने नाही. सुरेल बासरीची गरज जाणत्यापेक्षा नवशिक्याला जास्त असते. मुरलेल्या वादकाच्या हाती जत्रेतली बासरी दिली तरी तो फुंकेचा कोन बदलून, ओठ जरा आत-बाहेर करून उतरलेला निषाद वर ओढून घेतो. सूर कुठे बसायला हवा हे त्याच्या कानाला ठाऊक असतं. तुझ्या कानाला ते अजून ठाऊक व्हायचंय आणि ते शिकवणार आहे ती हातातली बासरीच. तिचा गंधार चढा असला तर तू तोच खरा समजून घोकणार. चार-सहा महिन्यांनी कुणी तानपुरा लावून समोर बसवलं, की गाडं अडणार. चुकीचा बसलेला स्वर कानातून काढायला नवा शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय अशा बासरीवर आवाजच धड निघत नाही, मग पोरं म्हणतात, 'मला जमत नाही.' त्यातल्या निम्म्यांना जमलं असतं.

आता त्या 'प्रोफेशनल' शिक्क्याबद्दल. पाश्चात्त्य फ्लूटच्या बाबतीत या शब्दाला अर्थ आहे. थिओबाल्ड बोम या जर्मन माणसाने १८४७ साली धातूच्या सरळ नळीचा जो फ्लूट बनवला, त्याच्याच वंशातले आजचे फ्लूट. त्यात चाव्या, स्प्रिंगा, गाद्या असा सगळा संसार असतो. विद्यार्थ्यांच्या फ्लूटला चांदीचा नुसता मुलामा, वरच्या दर्जाच्याला खरी चांदी, कधी सोनंसुद्धा. यंत्रणा किती बारकाईने बसवली आहे यावर किंमत चढते. आपल्या बासरीत यातलं काही नाही. बांबूचं एक पेर, सहा भोकं, एक मुखरंध्र आणि आत एक बूच. तेव्हा 'प्रोफेशनल' हा शिक्का कुणीही मारू शकतो, आणि मारतातही.

मग सहा हजार कशाचे? दोन गोष्टींचे. एक म्हणजे बनवणाऱ्याचा कान. तापवलेल्या सळईने भोक पाडायचं, वाजवून बघायचं, कणभर मोठं करायचं, पुन्हा वाजवायचं. भोक एकदा मोठं झालं की ते लहान होत नाही, म्हणून हे काम घाईत होत नाही. दुसरी गोष्ट बांबूची. बासरीचा पातळ भिंतीचा, लांब पेरांचा बांबू मुख्यतः आसामातून, सिलचरच्या बाजूने येतो. उत्तर प्रदेशातलं पिलिभीत बासरीचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिथले कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या याच बांबूवर काम करत आलेत. बासरीची नळी एकाच पेरात बसवायची असते, मधे गाठ चालत नाही. वीत-दीड वीत सरळ पेर पुष्कळ मिळतात. अडीच फुटांचं, सरळ, आतून गोल आणि दोन्ही टोकांना जवळपास सारख्या पोकळीचं पेर मिळणं कठीण. म्हणून लांब बासरी महाग. ती वरच्या इयत्तेची आहे, असं त्या किमतीवरून ठरत नाही.

म्हणजे त्याच कारागिराची आखूड बासरी घेतलीस तर कान तोच मिळतो, पैसे मात्र बहुधा निम्म्यावर येतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत.

तुला ई बेस का हवी, ते मला ठाऊक आहे. हरिप्रसाद चौरसियांच्या हातात पाहिलीस. तो खर्ज ऐकून कुणालाही तसं वाटेल. मैफलीतल्या लांब बासरीची ही परंपरा तशी जुनी नाही. पन्नालाल घोष (१९११-१९६०) मूळचे पूर्व बंगालातल्या बारिसालचे, पुढे मुंबईत सिनेमासंगीतात रमलेले. ख्याल गायकीचं गांभीर्य लहान बासरीतून उतरेना, म्हणून त्यांनी धातू, लाकूड असं बरंच काही करून पाहिलं आणि शेवटी बांबूवरच येऊन बत्तीस इंचांच्या आसपासची बासरी रूढ केली. नेहमीच्या सहांवर जादाचं सातवं भोकही त्यांचंच. पण विलंबित आलापीचा विचार आधी डोक्यात पक्का होता, मग त्याला पुरेल असं वाद्य त्यांनी शोधलं, हा क्रम ध्यानात घे.

ई म्हणजे आपली पांढरी तीन, पेटीची तिसरी पांढरी पट्टी हा जिचा सा. लांबी साधारण एकोणतीस-तीस इंच. खालच्या हाताची अनामिका शेवटच्या भोकापर्यंत नेताना तुझ्या तळव्यात कळ येईल. बोटाचं टोक पुरत नाही, मधलं पेर भोकावर आडवं टेकवावं लागतं. एक बोट केसभर सरकलं तरी हवा निसटते आणि मंद्र पंचम, म्हणजे सगळ्यात खालचा प, फुटतो. नवशिक्याला कळत नाही की दोष फुंकेचा, बोटाचा की बासरीचा. मग खांदे आवळले जातात, मनगट वाकतं आणि ती खोड पुढे सुटत नाही.

म्हणून पांढरी पाच घे, तुम्ही पोरं जिला जी म्हणता ती. चोवीस-पंचवीस इंच. हात फार छोटा असेल तर पांढरी एकची, एकोणीस इंचांच्या आसपासची, चालते. पण ती जरा तिखट वाजते आणि फुंकेचा दम वाढवत नाही, त्यामुळे माझं मत पांढरी पाचलाच. हात पुरतो का ते बघायला बासरीच हवी असं नाही. कारागिराकडून चौथ्या आणि सहाव्या भोकातलं अंतर विचार, तेवढ्या खुणा लाटण्यावर कर आणि बोटं ठेवून बघ.

आता पारखायचं कसं. फुंक बसलेली नसताना स्वतः वाजवून पारखू नकोस. फुंक कमी-जास्त झाली की तोच स्वर वीस-तीस सेंट सहज हलतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट). वाजवणाऱ्या कुणाला तरी सोबत ने. लांबून मागवत असशील तर कारागिराला सांग, जी पाठवणार तीच बासरी व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवा. वरची तीन भोकं बंद केली की सा. तानपुऱ्याचं अ‍ॅप त्या सा ला लावून ठेव. मग सहाही बंद करून मंद्र पंचम, अगदी हळू फुंकेत. तो बिचकता कामा नये. बोटं तशीच ठेवून फुंक बारीक आणि जोरकस केली की मध्य सप्तकातला पंचम येतो. हे दोन पंचम एकमेकांत मिसळले पाहिजेत. वरचा चढा किंवा उतरलेला निघाला तर बूच चुकीच्या जागी आहे नाहीतर पोकळीच बिघडलेली आहे. बूच हलवता येतं, पोकळीला इलाज नाही.

मोबाइलवर ट्यूनर लावशील, तर एक सांगून ठेवते, नाहीतर चांगली बासरी परत पाठवशील. ट्यूनर पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे मोजतो. तानपुऱ्यात विरघळणारा शुद्ध गंधार त्याच्या हिशेबाने सुमारे चौदा सेंट खाली असतो, शुद्ध धैवत सोळा. काटा तेवढा डावीकडे दिसला तर तो दोष नव्हे. चाळीस दिसला तर मात्र पुढची बासरी बघ.

डिसेंबरातल्या पहाटे बासरी उतरलेली वाटेल. हवा एक अंशाने गार झाली की सूर साधारण तीन सेंट उतरतो, दहा अंशांत तीस. आपल्या बासरीला सतारीसारखी खुंटी नाही. एकटी रियाज करताना तानपुराच तिच्याशी जुळवून घे. पेटीबरोबर बसायचं असेल तेव्हा आधी पाच मिनिटं फुंकून तिला ऊब दे.

बारा बासऱ्यांचा सेट घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. तो साथीदारांचा व्याप, गायकाची पट्टी रोज बदलते म्हणून ते पिशवीभर बासऱ्या घेऊन हिंडतात. पीव्हीसी पाइपची मात्र टिंगल करू नकोस. नीट बनवलेली असेल तर सुरात असते, तडकत नाही, पावसाळ्यात बुरशी धरत नाही. हॉस्टेलवर रियाजाला उत्तम. तिचा आवाज मला जरा कोरडा वाटतो, पण ती आवडीनिवडीची गोष्ट.

ई कधी घ्यायची? पांढरी पाचवर मंद्र पंचम डोळे मिटून, बोटं न चाचपता, पहिल्या फुंकेला लागायला हवा. पहिलं भोक अर्धं झाकून शुद्ध मध्यम दर वेळी त्याच जागी यायला हवा. आणि यमनचा आलाप घोळवताना तुझं तुलाच वाटायला हवं की खाली अजून जागा हवी होती. असं झालं की मला कळव, आपण दोघी जाऊन घेऊ. त्यात वर्ष जाईल, दोन जातील. पांढरी पाच तेव्हाही वाया जाणार नाही, भजनाला आणि भावगीताला तीच हाताशी लागते.

पहिले काही दिवस वाजवताना गरगरेल. दम जास्त वाया जातो म्हणून ते होतं, बासरी बदलून जाणार नाही. थांब, पाणी पी, पुन्हा बस.

फोनवर ऑर्डर देताना एवढं सांग: पांढरी पाच, ४४० हर्ट्झच्या प्रमाण पट्टीला लावलेली, उजव्या हाताची. काही कारागीर खालचं भोक बोटाच्या सोयीने जरा बाजूला पाडतात, म्हणून उजवी-डावी सांगावी लागते. हरिप्रसादजी डावीकडे धरतात ते बघून तू डावी मागवू नकोस. त्यांनी गुरू अन्नपूर्णादेवींकडे शिकताना मुद्दाम बाजू बदलली होती, तुला तसं कारण नाही. दोन्ही टोकांना आणि मधे दोरा घट्ट गुंडाळलेला असू दे, आपल्याकडच्या कोरड्या हवेत आणि तुझ्या ऑफिसच्या एसीत बांबू तडकतो. गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नकोस. महिन्या-दोन महिन्यांनी काडीला फडकं गुंडाळून आतून मोहरीचं नाहीतर बदामाचं तेल हलक्या हाताने फिरव, बुचाला धक्का न लावता.

पार्सल आलं की मुखरंध्राचा जवळून, उजेडात काढलेला फोटो पाठव. कडा खरखरीत दिसल्या तर पॉलिश पेपर हातात घेऊ नकोस, आधी मला फोन कर.

तुझी,
मावशी