थंडीत सकाळी दुसरा गिअर पडतच नाही, क्लच प्लेट बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या थंडीत सकाळी गाडी काढली की दुसरा गिअर जोर लावल्याशिवाय पडत नाही, दोन-तीन किलोमीटर गेल्यावर सगळं सुरळीत होतं, आणि गॅरेजवाला क्लच प्लेट बदला म्हणतोय. एवढ्यावरून प्लेट बदलू नका. गाडी तापल्यावर पूर्ण जाणारा त्रास बहुतेक वेळा गिअर ऑइलचा असतो.

पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा (क्लचकडून आत येणाऱ्या दांड्याचा) वेग जवळपास निम्म्यावर यावा लागतो. हे काम पितळी सिंक्रोनायझर रिंग करते, गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून. घासण्याआधी तिला मधला ऑइलचा थर बाजूला सारावा लागतो. गार ऑइल घट्ट असतं, थर पटकन हटत नाही, आणि वेग जुळेपर्यंत रिंग लिव्हरला मुद्दाम अडवून धरते. तेव्हा ढकलाढकली केली तर झिजते ती रिंगच. लिव्हर न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबवा, मग दोन बोटांच्या दाबाने दुसऱ्याकडे धरून ठेवा. तो आपणहून आत जातो. गाडी नुसती चालू ठेवून इंजिन तापतं, गिअरबॉक्स फारसा नाही. तो चालवूनच तापतो, म्हणून पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन २,०००-२,५०० आरपीएमच्या वर नेऊ नका.

तरी क्लचची शंका फेडून घ्या. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. लिव्हर तेव्हाही जड असेल तर गिअर केबल किंवा लिंकेज (लिव्हर ते गिअरबॉक्स जोडणारे दांडे) सुकलंय. बंद गाडीत हलका आणि चालू गाडीत, तापल्यावरसुद्धा, जड असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आणखी एक खूण: गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. कर्र आवाज आला तर संशय पक्का. क्लच दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर सहज पडत असेल तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा आहे किंवा क्लचचा सिलिंडर गळतोय. तिथेही प्लेटचा दोष नाही. केबलचा क्लच असेल तर आधी फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, तपासा.

आता ऑइल. गाडीच्या पुस्तकात दिलेला ग्रेडच घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांना ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ (जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा) लागतं. गॅरेजमध्ये मात्र अनेकदा बॅरलमधलं ८०डब्ल्यू-९० ओतलं जातं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या घट्टपणाचा: ८०डब्ल्यू उणे २६ अंशांना जेवढं घट्ट चालतं, तेवढंच ७५डब्ल्यू उणे ४० ला. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-५ घालू देऊ नका. ते मुख्यतः डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) हायपॉइड गिअरसाठी असतं. त्यातल्या जादा गंधक-फॉस्फरसमुळे रिंगची पकड कमी होऊ शकते, आणि काही ऑइलं पितळ खातात.

बदलताना गाडी थोडी फिरवून आणा, सपाट जागी उभी करा. आधी भरायचा बोल्ट सोडवा, नंतर खालचा. वरचा गंजून अडकला आणि ऑइल आधीच काढून टाकलेलं असेल तर गाडी जागेवरच बसते. वॉशर नवा टाका. साधारण दोन लिटर लागतं, पण खरं माप म्हणजे भरायच्या भोकाच्या खालच्या कडेवरून ऑइल ओघळू लागणं. कुठलंही अ‍ॅडिटिव्ह नको.

काढलेलं ऑइल फेकण्याआधी ट्रे उन्हात धरा. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी लापशी ही नेहमीची झीज. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते ऑइलमध्येच सोनेरी चमचम दिसतं. ती भरपूर असेल आणि गरम गाडीतही दुसरा कर्र करत असेल, तर रिंग गेली. ऑइलने ती परत येत नाही. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, आणि क्लच प्लेट जुनी झाली असेल तर ती तेव्हाच बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.