सांगलीत राहून जुना जपानी मिडियम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा रुंद रोलवाला) फिल्म कॅमेरा घेणं वेडेपणा आहे का? यशिका घ्यावा की मामिया? आणि खर्च परवडतो का?

वेडेपणा आहेच, पण घ्या. फक्त कपाटात मांडायला घेणार असाल तर पुढं वाचू नका, कारण ह्या विषयावरनं माझं आणि माझ्या मामेभावाचं दर दिवाळीला वाजतं.

मामाचा गावभागात स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं मामिया सी३३० वर (ट्विन लेन्स कॅमेरा, म्हणजे वरच्या लेन्सनं बघायचं, खालच्या लेन्सनं फोटो), रोल इंदूचा नाहीतर ऑर्वोचा, आणि निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायला मामी. पुढं डिजिटल आलं, स्टुडिओ बंद पडला आणि दादानं, म्हणजे ह्याच मामेभावानं, सगळे कॅमेरे काचेच्या कपाटात लावले. सी३३०, यशिका मॅट १२४जी, एक ब्रोनिका. पाहुणे आले की आतला लाईट लावून दाखवणार, आणि कुणी हात लावला की ओरडणार, शटर झिजतंय म्हणून. अरे, झिजायच्या आधी ते न वापरून बसतं! आतलं तेल वाळून चिकट होतं, मग पहिले स्लो स्पीड जातात, १ सेकंद लावला की पाती उघडतात आणि उघडीच राहतात. सी३३० चं तेच झालं होतं. भांडून घेतला, मुंबईत एका जुन्या मेकॅनिककडनं शटर साफ करून आणलं (सी सिरीजला शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळं नुसती ८० ची लेन्स नेली तरी भागलं) आणि सरळ मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो.

तिथं एका कारखान्यात एकच खिडकी, वर भोपळे टांगलेले, बाकी अंधार. कमी उजेडात चालणारा ४०० चा रोल घातलेला, तरी प्रकाश मोजायचा मीटर एफ/४ ला १/१५ सेकंद सांगत होता, म्हणजे हात जरा हलला की फोटो हलणार. आता पेंटॅक्स ६७ असता तर त्याचा तो ताटाएवढा आरसा असा आपटतो की १/१५ हातात विसराच. ट्विन लेन्सला हलणारा आरसाच नाही. पट्टा मानेत ताणून धरला, श्वास सोडला, दाबलं. कारखान्यातले चाचा पटाशीनं कोरत होते ते कोरतच राहिले, मी मान खाली घालून डब्यात बघतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं हा कायतरी दुरुस्त करायलाय. त्यांचे हात जवळनं टिपायला बेलोज (लेन्स पुढं नेणारा घड्यांचा भाता) पुढं काढला, अशा वेळी एक्स्पोजर वाढवावं लागतं आणि फ्रेमही सरकते, पण सी३३० ला काचेवर पट्टी सरकून सांगते की खालच्या लेन्सला वरचं किती दिसणार नाही. त्यातला एक प्रिंट मामानं बघितला आणि दादाकडं वळून म्हणाला, बघ, चालतोय की. दादा गप.

मग २०१९ चा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. दादाचं कपाट माडीवर, त्यामुळं पाणी नाही लागलं, पण घर बंद, सगळीकडं ओल, कॅमेरे चामड्याच्या केसमध्ये. नंतर उघडलं तर यशिकाच्या दोन्ही लेन्सवर बुरशीची जाळी. माझ्याकडचा सी३३० विश्रामबागला केसबाहेर उघड्यावर होता, वापरात होता, काही झालं नाही.

तर तुमचा प्रश्न. पहिलाच असेल तर १२४जी. हलका, क्रँक फिरवला की फिल्म पुढं आणि शटर कॉक (पुढच्या फोटोला तयार), ८० एफ/३.५ ची लेन्स छान, रोलला १२ फोटो. त्याचा मीटर मेलेला असणार असं धरूनच चला, मोबाईलवर मीटरचं ॲप घ्या. लेन्स बदलायच्या असतील तर सी३३०. मामियाच्याच आरबी६७ बद्दल सगळे सांगतील, बॅटरी लागत नाही, मागची बॅक फिरवून आडवा-उभा करता येतो हे खरंच, पण वजन अडीच किलोच्या वर आणि रोलला १०च फोटो, तो घेऊन गणपती मंदिरापर्यंत चालून दाखवा. ब्रोनिका एसक्यू-ए बॅटरी संपली की फक्त १/५०० वर चालतो. घेताना लेन्समधनं टॉर्च मारून बघा आणि १ सेकंदाचा आवाज कानानं ऐका, "मिंट कंडिशन" लिहिलेल्याचा मला तरी वाईट अनुभव आहे.

हां, आणि खर्चाचं विचारलंय. ब्लॅक अँड व्हाईट घरी धुवायला शिकणार नसाल तर नका घेऊ, परवडणार नाही. चेंजिंग बॅग (अंधारात रोल काढायची काळी पिशवी) आणि फिल्म धुवायचा टँक असला की बाथरूम पुरतं. डेव्हलपर २० डिग्रीला पाहिजे आणि मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी कसं असतं तुम्हाला माहितीय, भांडं बर्फात ठेवा. कलर बाहेर पाठवावं लागतं, त्याच्या नादाला मी लागत नाही.

आता खरं सांगायचं तर महापुराला दादा तरी काय करणार होता, आणि त्यानं त्या वेळी जपले नसते तर सगळे भंगारात गेले असते, हेही आहे. पण दादा, तू हे वाचणार हे मला माहितीय, १३५ ची लेन्स अजून तुझ्याच कपाटात आहे, ह्या पावसाळ्याच्या आत दे.