वही खिशातच ठेव

अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून विरोधी पक्षात गेलीस, हे तुझ्याआधी तिघांनी फोन करून कळवलं. रागावलो नाही. तुझ्या कॉपीवर लाल पेन चालवायची सवय जात नाही, म्हणून लिहितोय.

पहिल्याच सभेत फिलिपिन्सच्या विरोधी नेत्याचं, निनॉय अक्विनोचं, नाव घेतलंस म्हणे. घे, पण तसबिरीतला हुतात्मा नको, अख्खा माणूस घे. 17व्या वर्षी 'मनिला टाइम्स'साठी कोरियाच्या युद्धावर गेलेला वार्ताहर, पुढे 22व्या वर्षी गावचा महापौर, मग गव्हर्नर, सिनेटर. घर जमीनदाराचं, बोलणं चुरचुरीत, महत्त्वाकांक्षा भरपूर. साधुसंत मुळीच नव्हता.

मला त्याची 1968ची गोष्ट मोलाची वाटते. कॉरेगिडॉर बेटावर मुस्लिम तरुणांना गुपचूप लष्करी शिक्षण देऊन मलेशियाच्या साबामध्ये घुसवायचा राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या सरकारचा डाव फुटला. त्या पोरांची तिथेच कत्तल झाली, असाही आरोप झाला. विरोधी सिनेटरला आणखी काय हवं? पण हा गडी स्वतः दक्षिणेतल्या जोलो बेटावर गेला, परतलेल्या पोरांशी बोलला. सिनेटमध्ये उभं राहून त्यानं त्या डावाची लक्तरं वेशीवर टांगली, आणि त्याच भाषणात सांगितलं की सामूहिक कत्तल झाली हे मला पटत नाही. आज बहुतेक जण कत्तल झाली असंच मानतात; म्हणजे इथे तो बहुधा चुकला. तरी हातात आलेला हुकमाचा पत्ता, स्वतःला खात्री नाही म्हणून खाली ठेवणारा पुढारी मी दुसरा फारसा पाहिला नाही.

तुझी ती पाणीटंचाईची बातमी आठवते? टँकर किती, हे मी तीनदा विचारलं. तू पाय आपटत परत गावात गेलीस आणि 11चे 4 झाले. उद्या सभेत कार्यकर्ते 11च सांगा म्हणतील. टाळ्याही 11ला जास्त पडतील.

1972मध्ये मार्शल लॉ आला, तेव्हा पहिल्या धरपकडीतच अक्विनोला उचललं. 1975मध्ये त्यानं 40 दिवस उपोषण केलं, 1977मध्ये लष्करी न्यायासनानं देहदंड सुनावला. 1978ची निवडणूक तुरुंगातून लढवली. मतदानाच्या आदल्या रात्री मनिलाकरांनी त्याच्या पाठिंब्यासाठी भांडी बडवली, गाड्यांचे हॉर्न वाजवले. (आपल्या मृणालताईंचे लाटणं-मोर्चे आठवले मला.) एवढं होऊन मनिलातल्या 21च्या 21 जागा गेल्या. मतमोजणी कुणाच्या हातात होती, हे सांगायला नको. तुझ्याही वाट्याला असा निकाल येईल. त्या रात्री पुढच्या दिवसाची कामं लिहून मगच झोप.

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी 1980मध्ये त्याला अमेरिकेला जाऊ दिलं. तिथे सुखात राहता आलं असतं. 21 ऑगस्ट 1983 रोजी तो मायदेशी परतत होता, अंगात बुलेटप्रूफ जाकीट. विमानात सोबतच्या पत्रकारांना त्यानं बजावलं: कॅमेरे तयार ठेवा, तीन-चार मिनिटांत सगळं आटपू शकतं, नंतर मी तुमच्याशी बोलू शकेन असं नाही. विमान मनिलाला टेकलं. सैनिक आत आले, त्याला जिन्यावरून खाली नेलं. गोळी डोक्यात लागली. कॅमेरे चालू होते.

रविवारी ये. भाषणाची प्रत घेऊन ये, लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझा,
जुना मुख्य उपसंपादक