प्रश्न तुमचे: मेट्रिकवर जायचं की इंच-पौंडातच राहायचं?

जो देश अजून इंच, पौंड, गॅलन वापरतो त्याने ते सोडून मेट्रिक (मीटर, किलो, लिटर) मापं स्वीकारावीत का, या विषयावर आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: अमेरिका आजही फूट-पौंडात मोजते, आणि तिचं विज्ञान किंवा उद्योगात काही अडलेलं दिसत नाही. मग तिने मेट्रिकवर यावं हा आग्रह कशासाठी?

जिथे अडलं असतं तिथे अमेरिका कधीच मेट्रिकवर गेली आहे. औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये, प्रयोगशाळा पूर्ण मेट्रिक, मोटारींचे बहुतेक नट-बोल्ट मिलिमीटरमध्ये. कायद्याने १८६६पासून तिथे मेट्रिक मापं वैध आहेत. १८७५च्या मीटर करारावर सह्या करणाऱ्या १७ देशांत अमेरिका होती. १८९३पासून तिथले यार्ड आणि पौंड मीटर-किलोग्रॅमवरूनच ठरतात, आणि १९५९च्या करारानंतर एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, एक पौंड म्हणजे बरोबर ०.४५३५९२३७ किलो. स्वतःच्या पायावर उभा असलेला इंच आता कुठेच शिल्लक नाही.

नुकसान होतं ते दोन मापं जिथे भेटतात तिथे. मंगळावर पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ साली असंच गेलं. जमिनीवरची एक संगणकप्रणाली थ्रस्टरचा (यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाचा) आवेग, म्हणजे धक्क्याचं माप, पौंड-सेकंदात देत होती, पुढची प्रणाली तोच आकडा न्यूटन-सेकंद समजून घेत होती. फरक ४.४५ पटींचा.

आमचं मत: मेट्रिकवर यावं, पण तारीख ठरवून. अमेरिकेचा १९७५चा कायदा ऐच्छिक होता, मुदत नव्हती, आणि त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२मध्ये गुंडाळलं गेलं. मुदत नसली की प्लायवूड बनवणारा म्हणतो, आधी घरांचे नकाशे बदलू देत. नकाशे काढणारा म्हणतो, आधी प्लायवूड बाजारात येऊ दे. उलट भारतात १९५६ला कायदा, १९५८पासून टप्प्याटप्प्याने अंमल आणि १९६२पर्यंत जुनी मापं व्यवहारातून बाद, असं वेळापत्रक होतं. मापांच्या अंमलाआधीच, १ एप्रिल १९५७ला, रुपयाचे १०० नवे पैसे झाले होते. दशमान हिशेबाची सवय वजनकाट्याआधी खिशातून लागली. हा क्रम फार शहाणपणाचा होता. मुदत घालण्याची तयारी नसेल तर एखाद्या देशाने या कामाला हातच लावू नये, कारण मधल्या काळात दोन्ही मापांचा माल, हत्यारं आणि चुका यांचा खर्च सोसावा लागतो.

प्रश्न: रूपांतर म्हणजे एक गुणाकार. संगणकाच्या काळात त्यात चूक होतेच कशी?

गुणाकार क्वचितच चुकतो. चुकतो तो गुणक. याचं उत्तम उदाहरण कॅनडातलं आहे, आणि त्यातले आकडे मांडून बघण्यासारखे आहेत.

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवं बोइंग ७६७. आधीच्या विमानांचं इंधन पौंडात मोजलं जाई, या विमानाचं किलोत. इंधनदर्शक यंत्रणा बंद होती म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजमाप केलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला घनतेचा आकडा लागतो. हाताशी होता १.७७, आणि तो होता पौंड प्रति लिटर. आकड्यापुढे एकक नव्हतं. हिशेब असा झाला:

७,६८२ × १.७७ = १३,५९७ ‘किलो’. कमी पडतात ८,७०३. भागिले १.७७, म्हणजे भरायचे ४,९१७ लिटर.

खरा गुणक सुमारे ०.८०३ किलो प्रति लिटर. त्याने टाकीत होते ६,१६९ किलो, आणि भरायला हवे होते सुमारे २०,०९० लिटर. विमान उडालं तेव्हा आत जेमतेम १०,१०० किलो होते, गरजेच्या निम्म्याहून कमी. वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिम्ली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले.

हिशेब मधल्या थांब्यावर पुन्हा तपासला गेला होता. पण १.७७नेच. चुकीच्या गुणकाने दहा वेळा तपासलं तरी उत्तर दहा वेळा तेच येणार. ही चूक पकडायला वेगळी कसोटी लागते: विमानाचं इंधन म्हणजे केरोसीनच, आणि केरोसीन पाण्यावर तरंगतं, म्हणजे एक लिटर केरोसीनचं वजन एक किलोच्या आतच हवं. १.७७ किलो शक्यच नाही.

म्हणून बदलाच्या काळात दोन नियम कडक पाळावेत. एकक नसलेला आकडा कागदावर वा संगणकात स्वीकारायचाच नाही. रकान्याच्या नावातच ‘इंधन_किलो’ असं लिहायचं. आणि प्रत्येक गुणकासोबत त्याची अंदाजे मर्यादा लिहून ठेवायची.

दवाखान्यातली चूक याच जातीची. ४४ पौंडांचं मूल म्हणजे २० किलो. किलोमागे १५ मिलिग्रॅम औषध असेल तर डोस ३००. कोणी ४४ हा आकडा किलोच्या रकान्यात टाकला की तोच डोस ६६० होतो. उपाय सूचना लावण्याचा नाही. काट्याचं पौंड-किलोचं बटणच कायमचं किलोवर बंद करायचं.

प्रश्न: कारखाना इंचावरून मिलिमीटरवर आणायचा असेल तर नकाशावरचे आकडे २५.४ने गुणले की झालं का?

तसं केलं तर अर्ध्या इंचाची फळी ‘१२.७ मिमी’ होते. वस्तू तीच, फक्त चिठ्ठी नवी. खरा बदल तेव्हा होतो जेव्हा १२ मिमीची फळी बनते. पहिला प्रकार स्वस्त आहे पण त्यातून काही पदरात पडत नाही. दुसऱ्यात फायदा आहे आणि धोकाही. घातक ठरतं ते अर्धं हे आणि अर्धं ते.

अमेरिकी लाकडी भिंतीत उभे दांडे मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर, म्हणजे ४०६.४ मिमीवर असतात. तीन गाळे मिळून १२१९.२ मिमी, आणि चार फुटी तक्ता बरोबर तेवढाच. आता तिथे १२०० मिमीचा मेट्रिक तक्ता आणा. तो दांड्याच्या मध्यापासून १९.२ मिमी अलीकडे संपतो. दांडा ३८ मिमी जाड, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १९ मिमी. तक्त्याची कड दांड्याला जेमतेम चुकते आणि खिळा ठोकायला मागे लाकूडच उरत नाही. दांडे ४०० किंवा ६०० मिमीवर घेतले तरच नवा तक्ता बसतो. म्हणून तक्ते, दांड्यांचं अंतर, दारं-खिडक्यांच्या चौकटी हे सगळं एका तारखेला बदलावं लागतं. एकेक जिन्नस पुढेमागे करून चालत नाही.

नट-बोल्टचा त्रास आणखी चिवट. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमीचा, एम८ बोल्ट ८ मिमीचा. डोळ्यांना फरक कळत नाही. पण पहिल्याच्या आट्यांचं अंतर १.४१ मिमी, दुसऱ्याचं १.२५. इंची बोल्ट एम८ नटात एक-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि कामगार पाना जोरात फिरवून दोन्हींचे आटे घालवतो. पान्यांचंही तसंच: अर्ध्या इंची डोक्यावर १३चा पाना बसतो, पण ०.३ मिमी सैल, त्यामुळे जोर लागला की कोपरे गोल होतात. ३/४ इंच आणि १९ मिमी मात्र ०.०५ मिमीच्या फरकाने खुशाल एकमेकांच्या जागी चालतात, आणि त्यामुळेच ‘सगळंच चालतं’ असा गैरसमज पसरतो. संक्रमणात इंची आणि मेट्रिक माल वेगळ्या रंगाच्या खणांत ठेवा, शक्य तर वेगळ्या खोलीत. दुरुस्तीसाठी जुना साठा दहा-पंधरा वर्षं लागेल हे गृहीत धरा.

जुनं लेथ (धातू कातायचं, आटे पाडायचं यंत्र) फेकायची गरज नाही. इंची लीडस्क्रूवर (हत्यार पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर) मेट्रिक आटे पाडायला १२७ दातांचं गिअर लागतं, कारण २५.४ × ५ = १२७; त्याने प्रमाण अचूक येतं. जागा नसेल तर ४७ आणि ३७ दातांची जोडी १.२७च्या अगदी जवळ जाते, चूक सुमारे ०.०२ टक्के. बोल्टसाठी ठीक, पण मीटरभर लांबीच्या स्क्रूत ती ०.२ मिमीवर जाते. आणि इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटा पाडताना हाफ-नट (हत्याराला लीडस्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) मध्येच उघडू नका, नाहीतर पुढची फेरी आधीच्या आट्यात बसणार नाही. हत्यार बाहेर काढून मोटर उलटी फिरवत मागे या.

प्रश्न: नकाशात सेंटिमीटर घ्यावेत की मिलिमीटर?

बांधकाम आणि यंत्रकामात मिलिमीटर, आणि मोठ्या अंतराला मीटर. सेंटिमीटर नकोच. ऑस्ट्रेलियाने सत्तरच्या दशकात बांधकामात हाच निर्णय घेतला. २४०० लिहिलं की दशांश चिन्ह लागत नाही, म्हणून ते पुसलं जाण्याचा किंवा वाचताना निसटण्याचा प्रश्न नाही. सेमी आणि मिमीची गल्लत झाली तर चूक दहापट असते, आणि १२चे १२० झालेले कधीकधी खपून जातात. मीटर आणि मिमीत हजारपट अंतर आहे. ती चूक नकाशा उघडताच दिसते.

प्रश्न: बारा इंचांचे तीन भाग होतात, दहाचे होत नाहीत. ही मेट्रिकची उणीव नाही का?

दहाने कोणी बांधत नाही. ६०० आणि १२०० मिमी ही बांधकामाची मापं बारानेही भागली जातात. उलट ३ फूट ७ ५/८ इंचांचे चार भाग करून बघा: १० २९/३२ इंच. तेच अंतर १,१०८ मिमी, चौथा भाग २७७.

प्रश्न: रस्त्यावरच्या पाट्या हळूहळू बदलाव्यात की एकदम?

एकदम. ऑस्ट्रेलियाने जुलै १९७४ या एका महिन्यात बहुतेक पाट्या बदलल्या. आयर्लंडने वेगमर्यादा २० जानेवारी २००५ला एका दिवसात. ५० लिहिलेली पाटी मैलांची की किलोमीटरची, हा संशय चालकाला एका आठवड्यापेक्षा जास्त काळ राहता कामा नये. पाट्या आधी रोवून झाकून ठेवता येतात. आयर्लंडने नव्या पाट्यांवर आकड्याखाली ‘किमी/तास’ छापलं, तेही योग्यच.

आकडे सोयीने गोल करायचे: ताशी ३० मैलांचे ४८ होतात, ५० लिहा. ऑस्ट्रेलियाने ३५ मैलांचे ६० केले. पूल आणि बोगद्यांच्या उंचीला मात्र हा नियम लावू नका. तिथे नेहमी खालच्या बाजूलाच गोल करायचं. १४ फूट ३ इंच म्हणजे ४.३४३ मीटर, पाटीवर ४.३.

ब्रिटनने १९६५ला काम सुरू केलं आणि रस्ते मैलातच ठेवले. तिथे पेट्रोल लिटरने मिळतं आणि गाडीची सरासरी मैल प्रति गॅलन सांगतात. ती काढायला ४.५४६ने (एका ब्रिटिश गॅलनचे लिटर) गुणावं लागतं. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, त्यामुळे दोन्ही देशांचे आकडे एकमेकांशी जुळतही नाहीत.

प्रश्न: तापमानात फॅरेनहाइट जास्त बारीक नाही का?

थर्मामीटरला एक दशांश स्थळ द्या, वाद संपला. लक्षात ठेवायचं ते दुसरंच: तापमान बदलताना ३२ मिळवायचे असतात, तापमानातला फरक बदलताना नाही. पारा १० अंश सेल्सियसने चढला म्हणजे १८ अंश फॅरेनहाइटने चढला, ५०ने नाही.

प्रश्न: जमिनीच्या जुन्या नोंदींचं काय? सगळी खरेदीखतं बदलायची?

एकही नाही. जुन्या दस्तावरचा आकडा जसाच्या तसा राहू द्यावा आणि पुढची मोजणी होईल तेव्हा नवी नोंद मीटरमध्ये करावी. रूपांतर करून जुना दस्त पुन्हा लिहिला की गोल करण्यावरून शेजाऱ्यांत भांडण उभं राहतं.

इथे एक खाच आहे. अमेरिकेत दोन प्रकारचे फूट होते: ०.३०४८ मीटरचा, आणि भूमापनाचा १२००/३९३७ मीटरचा. फरक दहा लाखांत दोन. घराच्या प्लॉटमध्ये तो दिसणारही नाही, पण नकाशावरचे निर्देशांक २० लाख फुटांचे असले की चार फुटांचा घोळ होतो. भूमापनाचा फूट २०२२च्या अखेरीस अधिकृतपणे बंद झाला. त्याआधीच्या निर्देशांकांना हात लावताना कोणता फूट आहे ते आधी शोधा.

प्रश्न: मेट्रिक देशांतही पाईप ‘अर्धा इंची’ आणि टायर १६ इंची का? म्हणजे बदल फसलाच ना?

फसला नाही. जिथे जगभरचा साठा एकमेकांत बसतो तिथे तो मोडण्यात फायदा नसतो. टायरवर २०५/५५ आर १६ लिहिलेलं असतं: रुंदी मिमीमध्ये, रिम इंचात. विमानांची उंची बहुतेक जगात फुटांतच सांगतात, आणि तिथे एकसारखेपणा जास्त मोलाचा.

अर्धा इंची पाईपात तर अर्धा इंच मोजून सापडणारच नाही. त्याच्या ब्रिटिश मानकाच्या आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी असतो. अर्धा इंच हे आता नुसतं नाव आहे, म्हणून ते बदललं नाही तरी बिघडत नाही. बिघडतं ते मानक न लिहिल्यामुळे. अर्ध्या आणि पाऊण इंचात ब्रिटिश आणि अमेरिकी, दोन्ही पाईपआट्यांना इंचाला १४ आटे असतात. एकावर दुसरा फिरतो आणि घट्टही बसल्यासारखा वाटतो. पण एकाचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०, त्यामुळे दाब आला की सांधा गळतो आणि कितीही टेप गुंडाळली तरी भरवसा नाही. मागणी नोंदवताना माप, मानकाचं नाव आणि आटा सरळ की निमुळता, या तीनही गोष्टी लिहा.