वाचक विचारतात : मोठा बँड सोडलेल्या बासवाल्याचं पुढं काय होतं?

प्रश्न : दादा, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, कॉलेजपासून एका रॉक बँडमध्ये बास गिटार (खालच्या सुरांची गिटार) वाजवत होतो. कोल्हापूर, पुणे करत करत आमचं बरंच नाव झालं, आमची स्वतःची गाणी लोक शोमध्ये आमच्याबरोबर म्हणायला लागले. मी बाजूला दोन मित्रांबरोबर थोडी शांत गाणी करत होतो, तर बाकीच्यांचं म्हणणं पडलं की ते बंद कर नाहीतर बँड सोड. मी सोडला. आता जो भेटतो तो म्हणतो लई मोठी चूक केलीस, गायक असतास तर गोष्ट वेगळी, बासवाल्याला कोण विचारतंय. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा बासिस्ट जेसन न्यूस्टेड पण असाच बाहेर पडला आणि संपला म्हणतात. खरंच संपला का तो? आणि आमच्या जुन्या गाण्यांवर माझा काही हक्क राहतो का?

उत्तर : नाही रे, संपला नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, त्यानं पुढं काय काय केलं ते बघ आणि तूच ठरव.

१९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात मेटॅलिकाचा आधीचा बासिस्ट क्लिफ बर्टन गेला आणि त्याच्या जागी न्यूस्टेड आला. मेलेल्या माणसाच्या जागेवर उभं राहायचं, तेही अशा माणसाच्या की ज्याला चाहते अजून विसरलेले नाहीत, हे सोपं नव्हतं. १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' काढून ऐक, बास जवळजवळ ऐकूच येत नाही, मिक्सिंगमध्येच खाली दाबलाय. तरी हा माणूस टिकला, जगभर फिरला, आणि जानेवारी २००१ मध्ये बाहेर पडला. कारण सांगताना वैयक्तिक गोष्टी आणि इतकी वर्षं वाजवून शरीराचं झालेलं नुकसान असं सांगितलं, पण मागं तुझंच भांडण होतं. त्याला इकोब्रेन नावाचा वेगळा बँड करायचा होता आणि मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड, त्याला ते मान्य नव्हतं.

इकोब्रेनचा अल्बम २००२ ला आला, त्याला मेटॅलिकाच्या आसपासही यश मिळालं नाही, आणि 'संपला' म्हणणारे लोक इथंच थांबतात. पण त्याच सुमाराला तो कॅनडाच्या व्हॉइव्हॉड या मेटल बँडमध्ये गेला. २००३ मध्ये मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्नबरोबर टूर केली, आणि गंमत म्हणजे ऑझीकडचा बासिस्ट रॉबर्ट ट्रुहिलो तेव्हाच मेटॅलिकात गेला होता, म्हणजे दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या म्हण ना.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते व्हॉइव्हॉडमधलं काम. त्यांचा गिटारिस्ट डेनिस दामूर, ज्याला सगळे पिगी म्हणायचे, २००५ मध्ये कॅन्सरनं गेला. जाण्याआधी त्यानं गिटारचे ट्रॅक आपल्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवले होते, आणि बाकीच्यांनी, न्यूस्टेड धरून, त्या ट्रॅकवर आपापलं वाजवून २००६ आणि २००९ चे दोन अल्बम पुरे केले. समोर माणूस नाही, फक्त त्याची गिटार आहे, तिचा ताल धरून, तिला जागा ठेवून बास वाजवायचा. ज्या माणसाला मेटॅलिकात जागाच एका गेलेल्या बासिस्टची मिळाली त्यानं पुढं जाऊन गेलेल्या मित्राची गाणी पुरी केली, ह्याला संपणं म्हणायचं तर मग करिअर कशाला म्हणायचं? स्टेडियम भरत नव्हतं एवढंच. पुढं २०१३ ला स्वतःच्या आडनावाच्या बँडचा अल्बम काढला, त्यात गायलाही, पुढच्याच वर्षी तो बँड थांबला. आणि हो, २००९ मध्ये मेटॅलिकाला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत घेतलं तेव्हा तो त्यांच्याबरोबर स्टेजवर वाजवायला होता, म्हणजे दार कायमचं बंद झालं नव्हतं.

म्हणून मित्रा, तू आत्ता एकच कर, वाजवायचं थांबू नको, आणि नवा बँड उभा राहीपर्यंत घरात बसू नको. आपल्याकडं ऑर्केस्ट्रात बास बऱ्याचदा कीबोर्डवालाच डाव्या हातानं काढतो, तिथं खरा बास घेऊन एकदा उभा राहा, फरक वाजवणाऱ्यांना लगेच कळतो. तू मिरजेच्या शेजारी राहतोस, तंबोरा नीट लागला नसला तर गवयाचं काय होतं हे तिथल्या कुठल्याही सतारमेकरला विचार, बासचं तसंच आहे. गणेशोत्सवातले कार्यक्रम, पुण्यातलं स्टुडिओचं काम, शिकवण्या, यातलं काहीही कमी प्रतीचं समजू नको. आणि ती शांत गाणी, ज्यांच्यासाठी एवढं सोडलंस, ती आधी रेकॉर्ड कर.

आता हक्काचं. न्यूस्टेड मेटॅलिकात जवळपास पंधरा वर्षं होता आणि गाणी लिहिणाऱ्यांत त्याचं नाव फक्त तीन गाण्यांवर आहे. यातून शिकायचं ते हे की चालीत वाटा असेल तर तो तेव्हाच कागदावर आणायचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात चाल करणाऱ्याचा हक्क वेगळा आणि वाजवणाऱ्याचा वेगळा, वाजवणाऱ्याचा पन्नास वर्षं असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरावर त्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे. चाली तुझ्या असतील तर आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, मेंबरशिप बघ. जुने मेसेज, डेमो, तारखा असलेल्या फाइल्स, काही डिलीट करू नको, आणि आधी काय सही करून दिलंय ते वकिलाला दाखव, भांडण उकरायला नाही तर तुझं काय आहे ते तुला कळावं म्हणून.

प्रश्न : माझ्या मुलानं बँड सोडलाय, आता एमबीए करतो म्हणतो. वडील खूश आहेत पण मला वाटतं तो आतून खचलाय, संगीत सुटेल त्याचं. काय करू? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, कॉलेजला जाऊ द्या त्याला. गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा बासिस्ट डफ मकेगन, १९९४ मध्ये दारूनं त्याचं स्वादुपिंड फुटलं, मरता मरता वाचला, १९९७ ला बँड सोडला. बँडनं इतका पैसा कमावला आणि हिशोबाचे कागद त्याला वाचता येत नव्हते, म्हणून तो सिएटलमध्ये चक्क बिझनेसच्या वर्गात जाऊन बसला. नंतर व्हेल्वेट रिव्हॉल्व्हर नावाचा नवा बँड काढला, आणि २०१६ ला जुन्या बँडमध्ये परतही आला. शिकल्यानं वाजवणं सुटत नाही. फक्त बास माळ्यावर टाकू देऊ नका, खोलीतच राहू दे. आणि खचलाय असं वाटतंय तर बँडबद्दल नका विचारू, झोपतो का, जेवतो का, मित्र येतात का ते बघा, आणि फारच गप्प राहायला लागला तर डॉक्टरांकडं न्यायला लाजू नका.

प्रश्न : शोनंतर खांदा खूप दुखतो, चालतंय का असंच? (कराड)

उत्तर : नाही चालत. २००६ मध्ये न्यूस्टेड पडणारा बासचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) धरायला गेला आणि त्याचे दोन्ही खांदे जायबंदी झाले, त्या काळात तो चित्रं काढायला लागला. पट्टा रुंद घे, ॲम्प एकट्यानं उचलू नको, आणि या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरला दाखव.