ब्रूपबमध्ये पहिल्यांदा काय मागवावं?

प्रश्न: तिथेच बनवलेली बीअर प्यायला आम्ही पहिल्यांदाच ब्रूपबमध्ये जाणार आहोत. काय मागवावं, सोबत काय खावं?

उत्तर: आधी छोट्या ग्लासांचा टेस्टर सेट मागवा. सुरुवात हलक्या बीअरने करा. आयपीए नावाची कडू बीअर शेवटी, नाहीतर बाकीच्यांची चवच लागत नाही. माझी आवडती जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर. ती गढूळ दिसली म्हणून परत पाठवू नका, गाळलेली नसते ती. ग्लास नाकाशी धरा, केळ्याचा आणि लवंगेचा वास येईल. दोन्ही त्यात घातलेलं नसतं. ही सगळी यीस्टची करामत! सोबत मासे छान लागतात. स्टाउट ही काळी बीअर मात्र 10 ते 13 अंशांवर प्या, फार गार असली की भाजक्या मॉल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याची, चव दबते. तिच्याबरोबर चॉकलेट केक घ्याच. आणि गाडी घरीच ठेवा.