काल दिसली नाहीस?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी सहाला तुझ्या आईचा फोन आला. म्हणजे नाशिकला पहाटेचे साडेचार. त्या वेळेला फोन आला की आपल्या पोटात गोळाच येतो, पण तसं काही नव्हतं. तिला झोप लागत नव्हती एवढंच. तू रात्रभर व्हिडिओ कॉल चालू ठेवून झोपतेस आणि ती इकडे तुझ्या झोपलेल्या तोंडाकडे बघत भाजी निवडते, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "तू तिकडची आहेस, जरा समजाव तिला."

समजावायला फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, "हो मावशी, मी मजेत आहे." मी १९९८ साली याच अर्बाना-शॅम्पेनला, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकायला आले तेव्हा हेच वाक्य दर रविवारी म्हणायचे. दहा डॉलरचं कॉलिंग कार्ड वीसेक मिनिटांत संपायचं, आणि त्यातली पाच मिनिटं 'ऐकू येतंय का' यात जायची. उरलेल्या पंधरा मिनिटांत कोण खरं बोलणार? तेव्हा हे पत्र. आपल्या वेळेने वाच.

आधी हे सांगते की तुला झालंय त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे, 'करमत नाही'. त्या शब्दाची ठेवण बघ. 'मी करमत नाही' असं कुणी म्हणत नाही. 'मला भूक लागली', 'मला थंडी वाजते', तसंच 'मला करमत नाही'. त्यात तुझी काही चूक असल्याचं भाषेलासुद्धा वाटलेलं नाही. तू मात्र स्वतःलाच दोष देत बसली आहेस: सगळ्यांनी कर्ज काढून पाठवलंय, वर्गातल्या मैत्रिणी हेवा करतात आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. रड की. नळ तेवढा बंद कर, पाणी कशाला फुकट घालवतेस.

माझी आजी तेराव्या वर्षी कोकणातून घाट चढून मिरजेला सासरी आली. दीड वर्ष माहेराला गेली नाही. जात्यावर बसली की ओव्यांत माहेर यायचं: भाऊ, आंब्याचं झाड, आईच्या हातचं काय काय. मी अमेरिकेला निघाले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला उपदेश केला. आजीने एकच सांगितलं, "तिथं रोज एका ठरल्या वेळेला पाण्याला जा." मला हसू आलं. तिला वाटलं असावं, अमेरिकेतही विहीर असेल. तिला काय म्हणायचं होतं ते मला इथली पहिली थंडी संपेपर्यंत कळलं नाही.

तर आता त्या थंडीची गोष्ट. जानेवारीत मी मुख्य लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावायचं काम धरलं होतं, आठवड्याला दहा तास. उणे वीसच्या आसपास थंडी, आणि त्याआधीच्या डिसेंबरभर दुपारी साडेचारला अंधार. एक दिवस मी उठलेच नाही. आजारी नव्हते, पांघरुणातून बाहेर यायचं कारण सापडेना. दुसऱ्या दिवशी गेले तर तिथल्या वयस्क बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काल कुठे होतीस? गाडी भरून पुस्तकं पडली होती." चांगल्या रागावल्या होत्या. मी तिथेच, त्या पुस्तकांच्या ढकलगाडीला धरून रडले. त्या बिचाऱ्या घाबरल्या. पण मी दुःखाने रडत नव्हते. पाच महिन्यांत या गावात पहिल्यांदा कुणाला तरी माझं नसणं अडलं होतं. आजी ज्या विहिरीवर जायची तिथे एक दिवस गेली नाही की बायका विचारायच्या, "काल दिसली नाहीस?" म्हातारीला हे म्हणायचं होतं तर.

मला तुला एवढंच सांगायचंय. 'मित्र कर', 'मिसळ', 'एन्जॉय कर' असले सल्ले तुला ढिगाने मिळाले असतील. मित्र काय असे ठरवून होतात? त्यापेक्षा अशा दोन-तीन जागा शोध जिथे तू आली नाहीस तर कुणाला तरी कळेल. जागा लहान हवी आणि वेळ ठरलेली हवी. क्वाडवर, म्हणजे कॅम्पसच्या त्या मोठ्या हिरवळीवर, वर्षाच्या सुरुवातीला शेकडो क्लबांची टेबलं लागली तेव्हा तू अकरा ठिकाणी ईमेल लिहून आलीस म्हणे, आणि आता रोज अकरा ठिकाणची पत्रं न वाचता पुसतेस. त्यातला एकच धर, पण ज्यात पंधराच्या वर माणसं नसतील असा. तीनशे लोकांच्या गरब्यात तू आलीस काय नि न आलीस काय. (गरब्याला जा, घट बसलेत, नाच. पण त्यावर विसंबू नकोस.)

कॅम्पसवरची नोकरी ही माझ्या मते सगळ्यात चांगली विहीर. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम चालतं. तू दहाच्या वर जाऊ नकोस, पहिलं वर्ष आहे. डायनिंग हॉल, लायब्ररी, जिमचं काउंटर, काहीही. काम मिळालं की नोकरीच्या पत्रावर सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांकही काढता येतो. बाहेर कुठे दुकानात रोख पैशांवर बोलावलं तर मात्र अजिबात जायचं नाही. अशा रोख कामापायी व्हिसा घालवून परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरी जागा प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स. आपल्याकडे सरांच्या खोलीत एक तर ओरडा खायला जायचं किंवा सही घ्यायला. इथे ते तास तुझ्यासाठीच राखलेले असतात आणि बहुतेकदा ते गृहस्थ रिकामे बसलेले असतात. दर आठवड्याला एक प्रश्न घेऊन जा, बावळट का असेना. सहाशे जणांच्या लेक्चरमध्ये तुझं नाव त्यांना त्याशिवाय कळायचं नाही.

इथल्या मुलांच्या बोलण्याबद्दल एक. रूममेट "हाऊ आर यू?" विचारते आणि उत्तर न ऐकता निघून जाते, म्हणून तुला राग आला, असं आई म्हणाली. अगं, तो प्रश्नच नाही. आपण रस्त्यात कुणाला "काय, बाजारात का?" म्हणतो ना, तसं आहे ते. कुणी "कधीतरी भेटू या" म्हणालं तर तेही आमंत्रण नाही. वार आणि वेळ सांगितली की ते आमंत्रण. तू स्वतःच सांग ना वार: "मंगळवारी साडेपाचला जेवायला येतेस?" निम्म्या जणी हो म्हणतील. ज्या नाही म्हणतील त्या खरंच कामात असतील. आपल्यासारखं तोंडदेखलं कारण काढायची रीत त्यांच्यात कमी आहे.

आणि रूममेटशी अगदीच जमत नसेल तर खोली बदलून माग. त्यात हार कसली? बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैत कोलंबिया विद्यापीठात आले. बडोद्याची शिष्यवृत्ती, वय बावीस. हार्टली हॉलमध्ये एक आठवडा राहिले, पटलं नाही, मग ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथून लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे खोलीत सोबती मिळाले नवल भथेना, मुंबईकडचे पारशी. ती दोस्ती जन्मभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी पैसे कमी पडले तेव्हा मदतीला धावलेले तेच. तिसऱ्या जागेत मग माणूस सापडला. 'फक्त देशी लोकांत राहू नकोस' असं तुला कुणी टोकलं असेल तर मला त्यातलं अर्धंच पटतं. एक तरी माणूस असा हवा ज्याच्याजवळ 'कंटाळा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फक्त तेवढ्या एकातच घर करून बसू नकोस.

आता फोन. हा भाग तुला आवडणार नाही.

सध्या आपल्यात आणि घरात साडेदहा तासांचं अंतर आहे. तुझी दुपार म्हणजे घरची मध्यरात्र. तुला सगळ्यात जास्त आठवण येते ती रविवारी दुपारी चारला, कारण तेव्हा मजला रिकामा असतो, कपडे मशीनमध्ये फिरत असतात आणि करायला काही नसतं. नेमके तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले. मग तू वाट बघत बसतेस. रात्री नऊला घर उठतं, तू दोन वाजेपर्यंत बोलतेस आणि सकाळचं लेक्चर झोपेत जातं. म्हणजे तुझं शरीर इलिनॉयमध्ये आणि घड्याळ नाशिकमध्ये. अशाने तू दोन्हीकडे नसतेस.

फोन तोड असं मी म्हणत नाही. वेळ ठरव. रात्री नऊ ते साडेनऊ, तिकडे सकाळचे साडेसात, बाबांचा चहा चालू असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथलं घड्याळ तासभर मागे जाईल, मग तिकडे साडेआठ होतील. बाबांना आधी सांगून ठेव, नाहीतर चहा गार करून वाट बघत बसतील. झोपताना कॉल बंद. आणि त्या अर्ध्या तासात खरं बोल. "जेवलीस का?"ला "हो" म्हणून सोडून देऊ नकोस. काय जेवलीस, कुणाशेजारी बसलीस, कुणाचा राग आला, सांग. तू लपवतेस तेव्हा आई काहीच समजत नाही असं नाही, ती त्याहून भयंकर काहीतरी समजते. पहाटे साडेचारला मला फोन करते ती उगीच का? करमत नाहीये ते फक्त तुलाच असं नाही. तिलाही सांगू दे.

रविवार चारचं मात्र वेगळं बघ. ती वेळ रिकामी सोडायचीच नाही. मी त्या वेळेला मॉरो प्लॉट्सपाशी जाऊन बसायचे. तुझ्या कॅम्पसच्या मधोमध मक्याचा तो चिमुकला तुकडा आहे ना, तिथे १८७६ पासून पिकांचे प्रयोग चालले आहेत. १९६०च्या दशकात शेजारी लायब्ररी बांधायची ठरली तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून अख्खी इमारत जमिनीखाली नेली. मिरजेकडच्या मुलीला या लोकांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली ती ही हकीकत ऐकून. पिकाचं ऊन अडवायचं नाही एवढी अक्कल असलेली माणसं फार परकी असतील असं वाटेना.

जेवणाचं थोडक्यात. आईने दिलेलं मेतकूट कपाटात ठेवून काय करतेस? डबी दप्तरात टाक. डायनिंग हॉलमध्ये पांढरा भात असतो, लोण्याची पुडी असते. कुणी बघितलं तर बघू दे, मागितलं तर दे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. करमत नाही म्हणून रडू येणं वेगळं. पण दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, अंघोळीलाही उठवत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं झालं तर ते आठवणीच्या पलीकडचं आहे. मग पाण्याला जा वगैरे माझे सल्ले बाजूला ठेवायचे आणि कॅम्पसच्या काउन्सेलिंग सेंटरला फोन करायचा. त्याचे पैसे तू भरलेल्या हेल्थ फीमध्येच धरलेले आहेत. रात्री-अपरात्री ९८८ लाव, ती अशाच वेळेसाठीची मदतीची लाइन आहे, मेसेजही चालतो. नाहीतर मला उठव. आणि अभ्यास झेपत नाही म्हणून आपल्या मनाने विषय सोडून देऊ नकोस. बारा क्रेडिटच्या खाली गेलीस की व्हिसाची अडचण होते. आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला विचारायचं. तब्येतीचं कारण असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर ते रीतसर कमी विषयांची परवानगी देऊ शकतात. विचारल्याने कुणी परत पाठवत नाही.

डिसेंबरात घरी जायचं म्हणतेस, जा. 'पहिल्या वर्षी जाऊ नये, मन उडतं' असं इथली जुनी मंडळी सांगतील. मी पैशांअभावी गेले नव्हते आणि त्यामुळे माझं मन कणखर झालं असं काही मला आठवत नाही. फक्त निघण्याआधी आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या त्या कागदावर, प्रवासाची सही घ्यायची विसरू नकोस.

त्याच्या आधी थँक्सगिव्हिंग. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, पण तुम्हाला आठवडाभर सुट्टी असते आणि सगळी डॉर्म्स ओस पडतात. तो आठवडा तू तिथे एकटीने काढायचा नाही. माझं ब्लूमिंग्टन तुझ्यापासून गाडीने तासाभरावर. आय-७४ महामार्गावर आत्ता दोन्हीकडे कापणी चालू आहे, तोवर सगळं मोकळं रान झालेलं असेल. सुट्टी लागेल त्या शनिवारी सकाळी दहाला मी तुझ्या दारात गाडी लावते. धुवायचे कपडे घेऊन ये. भाकरी थापायला शिकवीन, दिवाळीचा फराळ उरला असेल तर तोही संपवू.

आणि तुझ्या मजल्यावर ती कोरियाची मुलगी आहे म्हणालीस ना, जी रविवारी कपडे धुवायला एकटीच खाली बसलेली असते? ती सुट्टीत कुठे जाणार आहे ते विचार. गाडीत जागा आहे. तिला तिखट चालतं का तेवढं आधी कळव.

तुझी,
मावशी